वैद्यकीय तपासणी पोळ्यानंतर

जुलैच्या अखेरीस आमच्या टेबलावर एक बातमी येतेच. साकोलीचा वार्ताहर ती पाठवतो. पाकीट एसटीने नागपूरला येते, हाताला दमट लागते. मथळा दर वर्षी जवळजवळ तोच असतो: 'भंडारा जिल्ह्यात रोवणीला वेग'. तलाव किती भरले, कोणत्या भागात पऱ्हे म्हणजे भाताची रोपे पिवळी पडली, बाया मिळतात की नाही, एवढाच मजकूर. शेवटचे वाक्य 'एकूण परिस्थिती समाधानकारक आहे' असे असते. मी मजकूर निम्मा करतो, 'समाधानकारक' काढतो, कारण तो शब्द काहीच सांगत नाही, आणि पानाला सोडतो. उपसंपादकाने या बातमीवर याहून जास्त वेळ घालवू नये.

यंदा त्याच दुपारी जाहिरात विभागातून एक मुद्रित तपासायला आले. नर्सिंगच्या पदवी अभ्यासक्रमाची प्रवेश सूचना. अटी नेहमीच्या: बारावी विज्ञान, जीवशास्त्रासह, वयाची सतरा वर्षे पूर्ण, चारित्र्याचा दाखला, शारीरिक पात्रता. शेवटी एक ओळ होती: 'निवड झालेल्या उमेदवारांची वैद्यकीय तपासणी पोळ्यानंतर घेण्यात येईल.'

आमचे मुद्रितशोधक वर्ध्याकडचे, कापसाच्या मुलखातले. त्यांनी 'पोळ्यानंतर'भोवती लाल गोल केला होता.

"कॉलेजच्या जाहिरातीत पोळा कायले? बैलाले ॲडमिशन देऊन राहिले का? तारीख मागा त्यांले."

"बघतो," मी म्हणालो.

बघण्यासारखे त्यात काही नव्हते. ती ओळ कुठून आली ते मला ठाऊक होते. ती आमच्या बांधीतून आली होती.

भाताच्या मुलखात पावसाळ्याला पावसाळा म्हणत नाहीत, रोवणा म्हणतात. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घातलेले शेत. त्यात गुडघाभर चिखल आणि त्यावर वीतभर गढूळ पाणी. बाया एका ओळीत वाकतात, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंढी, उजव्या हाताची बोटे चिखलात. रोपटे खोवतात आणि एक पाऊल मागे सरकतात. शेतातली इतर कामे पुढे जात होतात, रोवणा मागे जात होतो. बाईला समोर दिसते ते झालेले काम. उरलेले तिच्या पाठीशी असते. शंभर बोटे एकदम चिखलात गेली की एक बारीक, ओला आवाज होतो. तो आवाज मी पुढे कुठेही ऐकला नाही. वास मात्र आहे तसाच आठवतो: कुजलेला पाला, बैलांचा घाम, आणि खालून नव्याने आलेली माती.

या कामाची किंमत बोटांच्या बेचक्यांत दिसते. आठवड्याभरात कातडी पांढरी पडते, सुरकुतते, मग बोटांच्या मध्ये फाटते. खाज सुटते, आग होते. जेवताना भाजीतले तिखट त्या भेगांत गेले की बाई हात झटकते आणि हसते. याला चिखल्या म्हणतात. आमच्याकडे त्यावर एकच औषध होते. गोठ्याच्या कुंपणाला मेंदीचे झुडूप असायचे. त्याची पाने पाट्यावर वाटायची आणि संध्याकाळी बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या मुळांशी, पायाच्या बोटांत थापायची. नक्षी नाही, टिपका नाही, नुसता गोळा. सकाळी हात विटेसारखे लाल. रोवण्याच्या दिवसांत आमच्या गावात लाल नसलेला हात म्हणजे पाहुणीचा हात.

तेव्हा सत्तरचे दशक सरत आले होते. मी साकोलीला नुकताच वार्ताहर झालो होतो. वार्ताहराला पगार फारसा नसतो, पण वर्तमानपत्र फुकट मिळते. त्यातच परिचारिका प्रशिक्षणाची जाहिरात होती. तेव्हा आमच्याकडे नर्सिंगची पदवी हा शब्द कोणी ऐकला नव्हता. होता तो पदविकेचा अभ्यासक्रम. अटी चार होत्या. मॅट्रिक पास. वय सतरा पूर्ण. शारीरिकदृष्ट्या सक्षम. आणि अविवाहित.

माझी धाकटी बहीण शकुन सानगडीच्या शाळेतून मॅट्रिक झाली होती. तिने ती जाहिरात वाचली आणि कात्रण देवघरात, कुंकवाच्या डबीखाली ठेवले. मायने ते पाहिले, पण काढले नाही.

त्याच उन्हाळ्यात तिला शहापूरचे स्थळ आले होते. किराण्याचे दुकान, घरची बैलबंडी, माणसे सालस. नाही म्हणायला काही कारण नव्हते. बाबांनी ओसरीवर सुतळी वळता वळता निकाल दिला.

"यंदा तुह्यं पाहून घे बाई. झालं तं जा. नाही झालं तं दिवाळीनंतर लगीन. शहापूरवाल्यांले मी किती दिवस थांबवू?"

त्यात धमकी नव्हती. शेतकरी हंगाम सांगतो तसे त्यांनी सांगितले. पण अटींतली चौथी अट सगळ्यांना पाठ होती. एकदा लग्न झाले की ते दार पुन्हा उघडणार नव्हते. शकुनकडे एकच पावसाळा होता.

मुलाखतीचा कागद ऐन रोवण्यात आला. मुलाखतीच्या आदल्या दिवशी दिवे लागेपर्यंत ती बांधीत होती. तिच्या बेचक्या इतक्या फाटल्या होत्या की तिला पेन नीट धरता येईना. मायने संध्याकाळी पाट्यावर मेंदी वाटली. लेकीचे हात शहरातल्या लोकांपुढे जाणार, ते बरे दिसावेत आणि दुखू नयेत, एवढाच त्या मायचा हिशेब. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही नागपूरची गाडी धरली तेव्हा शकुनचे हात लालभडक होते.

भंडारा गेले. गाडी शहापूरला थांबली तेव्हा तिने खिडकीबाहेर पाहिले.

"दादा, ते दुकान कोणतं?"

"कायले? जाचं हाये का तिथं?"

"नाही. पाहून ठेवते. उद्या इथंच मीठ-मिरची मोजाची पाळी आली तं?"

पुढे जवाहरनगरच्या फाट्यावर कारखान्याच्या बसेस उभ्या होत्या. दोन बाया खांद्याला पर्स अडकवून, हातात डबा घेऊन रांगेत चढत होत्या, बोलत होत्या. शकुन त्यांच्याकडे मान वळवून पाहत राहिली, गाडी सुटल्यावरही.

नर्सिंग शाळेच्या व्हरांड्यात लांब बाके होती. काटोल, वर्धा, आर्वीकडच्या मुली एका बाजूला बसल्या होत्या, आमच्याकडच्या दुसऱ्या. कोणी बसवले नव्हते. गाड्या ज्या क्रमाने आल्या त्या क्रमाने त्या बसल्या असाव्यात. मुलाखतीच्या खोलीचे दार उघडे होते, कारण आत पंखा नव्हता. त्यामुळे पुढचे थोडे मी ऐकले आहे आणि बाकीचे शकुनने सांगितले आहे.

आत एक डॉक्टर होते आणि शाळेच्या मेट्रन होत्या. मेट्रन केरळच्या. बोलणे हिंदीत, मध्येच मराठी. त्यांनी कागद हातात घेण्याआधी हात पाहिले.

"शादी हो गया?"

"नाही जी."

"झूठ नहीं बोलने का. हे हात नवीन नवरीचे."

"नाही सिस्टर. चिखल्याची मेंदी हाये."

मेट्रन थांबल्या. डॉक्टरांकडे पाहिले.

"ये चिखल्या कौन? नवऱ्याचं नाव?"

बाकावरच्या आमच्याकडच्या मुलींमध्ये एकदम हसू फुटले. एकीने तोंडाला पदर लावला; दुसरी म्हणाली, "अवं माय, मंग तं आमचं सगळ्यायचं लगीन त्याच्याशीच झालं!" हसू आत पोचले. मेट्रन दारात आल्या. उंच, पांढरी साडी, चष्मा. त्यांना वाटले असावे की आपल्याला हसत आहेत.

"सब लोग हाथ दिखाओ."

बाकावर एकामागून एक हात पुढे आले. काटोल-वर्ध्याकडचे हात जसे हात असतात तसे. आमच्या बाजूचे सगळे लाल: साकोलीचे, लाखांदूरचे, पवनीचे, गोंदियाकडचे. नक्षी कुणाच्याच हातावर नव्हती. सगळा रंग बेचक्यांत. मेट्रन त्या रांगेपुढून हळूहळू चालत गेल्या. मग शकुनजवळ परत आल्या, तिची बोटे धरली आणि फाकवली. शकुनच्या तोंडून आवाज निघाला.

आता डॉक्टरही उठून आले होते. त्यांनी बेचकी पाहिली आणि बाकावरचे हसणे थांबले.

"लग्नाचा प्रश्न मिटला," ते म्हणाले. "पण ही बुरशी आहे. कातडी फाटलेली आहे. या हातांना मी तंदुरुस्तीचा दाखला देऊ शकत नाही."

डॉक्टरांचे काही चुकले नव्हते. पण शकुनच्या लक्षात आले की आपण दोन अटींच्या मधल्या बेचकीत सापडलो आहोत. मेंदी हौसेची म्हणावी तर ती विवाहित ठरते. औषधाची म्हणावी तर रोगी ठरते. रोवणा करणाऱ्या मुलीसाठी तिसरे उत्तर नव्हते.

तिने तेव्हा जे म्हटले ते मी दारातून ऐकले. आवाज मोठा नव्हता.

"सिस्टर, मी रोगी नाही. मी कामावरून आली."

मेट्रननी तिचा हात सोडला नाही. स्वतःचा दुसरा हात तिच्यापुढे धरला. तोही सोललेला, जंतुनाशकाने कोरडा आणि पांढरा पडलेला.

"मेरा भी कामावरून आला आहे," त्या म्हणाल्या. "देखो. फटा हाथ पेशंट के जखम में जाएगा, तो उसको लगेगा. उसका तुमको लगेगा. म्हणून अट आहे. तुमको सजा देने के लिए नहीं." मग डॉक्टरांकडे वळून: "इनका मेडिकल बाद में. पोला होने के बाद. जागा मी ठेवते."

मुलींना त्यांनी ताकीद दिली. पाण्यात हात नाही. मातीत नाही. शेणात नाही. खाना चम्मच से.

"रोवणा चालू हाये, सिस्टर," शकुन म्हणाली.

"तो सोच लो. दोनों एक साथ नहीं होगा."

परतीच्या गाडीत शकुन हात मांडीवर उलटे ठेवून बसली होती. शहापूर आले तेव्हा तिने बाहेर पाहिले नाही.

श्रावणात भाताच्या गावात कोरडा हात ही काय वस्तू आहे ते बाहेरच्याला सांगून पटणार नाही. सकाळ शेणापासून सुरू होते. मग विहीर, मग भांडी, मग बांधी. शिवाय रोवणा एकट्या घराचा नसतो. आज तुमच्या बांधीत दहा घरच्या बाया उतरतात, उद्या तुमच्या घरची बाई त्या दहा घरी उतरते. आमची मोठी बांधी तोवर रोवून झाली होती. गावच्या बायांनी ती रोवली होती. आता शकुनने त्यांच्या बांधीत उतरायची पाळी होती, आणि नेमकी तेव्हाच ती घरात बसणार होती. माय दोन दिवस बाहेर पडली नाही. तिला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

तिसऱ्या दिवशी यमुनाकाकी अंगणात आली. ती आमची शेजारीण, गावातल्या बाया जमवून कोणत्या दिवशी कुणाची बांधी ते ठरवणारी. आवाज असा की धुऱ्याच्या त्या टोकाला ऐकू जावा. मायने खाली मान घालून सगळे सांगितले.

"काय म्हणते ते मेट्रन?" काकी म्हणाली. "पान्यात हात नाही घालाचा? मंग आंघोळ कोन घालून देईन इले, शहापूरवाला?"

माय हसली नाही. काकीने पदर खोचला.

"तू काहून रडून राहिली वं? पोट्टीले धुऱ्यावर बसव. तिची पात आमी ओढतो. दहा बायांत एक पात का जड हाये?"

"तुमच्या घरचा रोवणा राहाते ना काकी," शकुन दारातून म्हणाली.

"राहू दे. उद्या माह्या सुनेच्या बाळंतपणाले हेच पोट्टी येईन, तवा मी हिले म्हणीन, आता तू ओढ."

दुसऱ्या दिवसापासून शकुन रोज बायांबरोबर शेतावर गेली आणि धुऱ्यावर बसली. घरी बसली असती तर चालले असते. पण काकीने तिला बोलावले होते, आणि दुसऱ्याच्या बांधीत आपली पात, आपल्या वाट्याची ओळ, इतर बायांना ओढताना पाहणे तिनेही टाळले नाही. तिचे हात मायच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेले असायचे. जेवायला चमचा हवा होता. गावात चमचे फक्त चहाच्या टपरीवर होते. टपरीवाल्याने एक दिला आणि पोळ्याला परत मागितला. घरी बाबा शेण काढू लागले. गोठ्यात वाकलेल्या बाबांना गावाने पाहिले आणि कुणी काही म्हटले नाही. आमच्या गावाच्या मानाने ते पुष्कळ होते.

बाया मात्र तिला सोडत नव्हत्या.

"ओ नर्सबाई, जरा इकडं पाहा, माह्यी कंबर मोडली."

"सुई आणली का वं?"

एक लेकुरवाळी पोर घेऊन धुऱ्याकडे आली, तशी काकी चिखलातून ओरडली, "तिच्या मांडीवर नोको देऊ! पोराने ओलं केलं तं हिची नोकरी वाहून जाईन!"

दुपारच्या शिदोरीला बाया धुऱ्यावर यायच्या आणि पाय पसरायच्या. तेव्हा शकुन त्यांचे पाय पाहायची. हात लावायची सोय नव्हती, म्हणून नुसते पाहायची. कुणाची बेचकी कोरडी होत आहे, कुणाची चिघळली आहे, कुणाच्या टाचेत काटा आहे आणि ती सांगत नाही. एका बाईला तिने म्हटले, "मावशे, हे चिखल्या नाहीत. पायाले सूज हाये. दवाखान्यात जा." पुढे खूप वर्षांनी तिने मला सांगितले की नर्सिंगचा पहिला धडा तिला तिथे मिळाला: हात लावण्याआधी पाहायचे. वॉर्डात नव्या मुली येतात त्या आल्या आल्या हात लावतात, ती म्हणते. त्यांना कुणी धुऱ्यावर बसवलेले नसते.

रोवणा सरतो त्या दिवशी शेवटच्या बांधीत बाया एकमेकींना चिखल फासतात. मालकालाही सोडत नाहीत. त्या वर्षी शेवटची बांधी यमुनाकाकीची होती. शेवटची पेंढी संपली आणि आरडाओरडा सुरू झाला. केसांत चिखल, पाठीवर चिखल, म्हाताऱ्या बायांच्या गालांवर चिखल. शकुन एकटी धुऱ्यावर, कोरडी, चिंधी गुंडाळलेले हात उराशी धरून. लहानपणापासून असा दिवस तिने कधी काठावरून पाहिला नव्हता. ती रडत होती. बायांनी ते पाहिले आणि गलका थोडा कमी झाला.

काकी धुऱ्याशी आली. नखशिखांत चिखल. तिने एक बोट वर केले.

"कपाळाले लावलं तं चालते ना वं तुह्या डाक्टराले? त्यानं हाताचं म्हटलं."

आणि शकुनच्या कपाळावर, कुंकवाच्या थोडे वर, मातीचा टिळा लावला.

पोळ्यानंतर आम्ही पुन्हा नागपूरला गेलो. व्हरांडा तोच, आमच्याकडच्या मुलीही बऱ्याचशा त्याच. काही आल्या नव्हत्या. त्यांच्या गावी काय झाले असेल ते मी तेव्हा विचारले नाही. शकुनच्या नखांवर नारिंगी रंग अजून होता. मेट्रननी एकेक बेचकी फाकवून पाहिली. या वेळी तिच्या तोंडून आवाज निघाला नाही.

"कलर गया नहीं."

"नखाचा रंग नाही जात सिस्टर. थंडीपर्यंत राहाते."

"चमडी अच्छा है." त्यांनी डॉक्टरांपुढे कागद सरकवला, आणि सही होत असताना गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "चिखल्या को हमारा नमस्ते बोलना."

शहापूरच्या मंडळींना बाबा स्वतः जाऊन सांगून आले. येताना त्यांच्याच दुकानातून गूळ घेऊन आले. तो गूळ गावात वाटला.

त्यानंतरचे थोडक्यात सांगता येते. पदविका झाली, नोकरी लागली, लग्नही झाले, पण तिच्या हिशेबाने. पदवीची सोय झाली तेव्हा ती पुन्हा विद्यार्थिनी झाली. तिची लेक मायजवळ गावी राहिली. त्या वेळच्या अटींत नोंदणी, अनुभव आणि कार्यालयाची ना हरकत एवढेच होते. 'अविवाहित' हा शब्द नव्हता. त्या वर्षी रोवण्यात ती रजा काढून गावी आली आणि काकीच्या बांधीत उतरली. बायांनी तिला एक पात दिली. ती फार मागे पडली, रोपे वाकडी खोवली, आणि दिवसभर तिच्यावर जो हशा झाला तो रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. काकीच्या सुनेच्या बाळंतपणाला ती आधीच जाऊन आली होती.

आता ती त्या पदवीच्या कॉलेजात शिकवते आणि प्रवेशाच्या समितीवर बसते. जाहिरातीतला फोन तिच्याच विभागाचा होता. मी लावला.

"मुद्रितात एक शंका आहे," मी म्हणालो. "तपासणीची तारीख नाही."

"तारीख टाकली तं पंचांग पाहून टाकावी लागते, आणि दुसऱ्या वर्षी कारकून तेच छापते," ती म्हणाली. "पोळा राहू दे. ज्याले पाहिजे त्याले समजते." मग लगेच: "रोवणा कुठवर आला रे दादा? साकोलीची बातमी आली असंल ना?"

"आली. तलाव भरले आहेत."

"काकीची बांधी?"

"ते वार्ताहर लिहीत नाही."

ती हसली आणि फोन ठेवला. मुद्रितशोधक माझ्याकडे पाहत होते. मी लाल गोल खोडला आणि समासात 'आहे तसे' असे लिहिले.

"पोळ्यानंतरच?"

"पोळ्यानंतरच."

पान लावताना रोवणीच्या बातमीखाली दोन स्तंभांची जागा उरली. जाहिरात तिथे बरोबर बसली. बातमी मी एकदा पुन्हा वाचली. पऱ्हे, तलाव, बाया. शेवटचे वाक्य होते तेच होते: एकूण परिस्थिती समाधानकारक आहे.

यंदा तो शब्द मी काढला नाही.